शेठ, साईड कोणती दिली?

मोटारसायकलच्या इंडिकेटरमध्ये एलईडी बल्ब बसवून देणाऱ्या मानवतच्या एका दुकानदाराला खुलं पत्र

शेठ,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. भीड म्हणून नव्हे. पाथरीपासून परभणीपर्यंत तुमच्यासारखी दुकानं जागोजागी आहेत, आणि एकाचं नाव घेतलं की बाकीचे हात झटकून मोकळे होतात. म्हणून हे पत्र आपल्यालाच आलंय असं समजून प्रत्येकाने वाचावं.

तुम्ही इंडिकेटरचे बल्ब बदलून देता. काच उघडायची, जुना बल्ब दाबून फिरवून काढायचा, त्याच होल्डरमध्ये एलईडी घालायचा, काच लावायची, पैसे गल्ल्यात. मग बटण दाबून गिऱ्हाईकाला दाखवायचं. इंडिकेटर आधीच्या दुप्पट वेगाने मिचमिच करायला लागलेला असतो. पोरगं विचारतं, एवढा फास्ट का झाला? तुम्ही म्हणता, "एलईडी आहे ना! असाच नाचतो." शेठ, तो नाचत नाही, तो बोंब मारतोय. गाडीत बिघाड झाला हे सांगण्यासाठी कंपनीने ठेवलेली ती खूण आहे, आणि तुम्ही ती फॅशन म्हणून विकताय.

तुमच्या हाताखालून रोज जाणारी आणि तुम्ही कधी नीट न पाहिलेली एक वस्तू आहे. सीटखाली किंवा साईड कव्हरच्या आत रबरात अडकवलेली लहानशी डबी, दोन पिनांची. तिला फ्लॅशर म्हणतात हे तुम्हाला माहीत आहे. इंडिकेटर बंद पडला की तुम्ही तीच बदलता. आता एकदा तिच्या अंगावर काय छापलंय ते वाचा. १२ व्होल्ट, १० वॉट गुणिले २. म्हणजे एका बाजूला दहा-दहा वॉटचे दोन बल्ब, एक पुढे, एक मागे. हिशेब साधा आहे. वीस वॉटला बारा व्होल्टने भागलं की सुमारे १.६७ अँपिअर. एवढा करंट आपल्यातून जाणार असं गृहीत धरून ती डबी बनवलेली असते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर तो करंट सतत मोजतो. मागचा बल्ब उडाला तर करंट निम्म्यावर येतो, आणि डबी लगेच मिचकण्याचा वेग दुप्पट करते. चालवणाऱ्याला मागचा दिवा दिसत नाही, पण मीटरमधला हिरवा दिवा पटापट उघडझाप करताना दिसतो. त्याला कळतं की एक बल्ब गेला. तो गॅरेजला येतो.

आता तुम्ही घातलेले एलईडी पाहा. ते एक-दोन वॉटचे. दोन्ही मिळून पाव अँपिअर खाल्ला तरी पुष्कळ. डबीला वाटतं, बल्ब उडाले. ती बिचारी तिला शिकवलेलं काम करते, वेग वाढवते. ही झाली तुमची फॅशन. यातला खरा घात पुढे आहे. सहा महिन्यांनी मागचा एलईडी खरोखरच जातो. तुमच्याकडचा स्वस्तातला माल, आत धड करंट सांभाळणारं सर्किट नाही, नुसता एक बारीक रझिस्टर, त्यामुळे तो जाणारच. तेव्हा चालवणाऱ्याला कळणार कसं? डबी आधीपासूनच ओरडते आहे. त्याच्या मागे अंधार असतो आणि पुढे तो समजतो की सगळं जोरात चालू आहे.

जुन्या गाड्यांची गत वेगळी. त्यांच्या फ्लॅशरमध्ये तापून वाकणारी धातूची पट्टी असते. तिला तापायला करंट लागतो. एलईडीच्या चिमूटभर करंटने ती तापतच नाही, मग दिवा मिचकतच नाही. अशी गाडी आली की तुम्ही "फ्लॅशर खराब आहे" म्हणून तसलाच दुसरा फ्लॅशर विकता. तोही चालत नाही. मग "वायरिंग जुनी झाली" म्हणता. गिऱ्हाईक शेतकरी असतो, कापूस विकून आलेला असतो, घाईत असतो. तो पैसे देतो.

असाच एक शेतकरी माझे काका. त्यांच्या गाडीच्या मीटरमध्ये डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना मिळून एकच हिरवा दिवा आहे. बऱ्याच गाड्यांना असा एकच असतो. तुम्ही त्यांचे चारही बल्ब बदलून दिलेत. मानवतचं रेल्वे स्टेशन गावात नाही, मानवत रोडला आहे, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या घरची निम्मी माणसं त्या रस्त्यावर ये-जा करतात. काका त्याच रस्त्याने निघाले तेव्हा उसाचा हंगाम होता. राष्ट्रीय महामार्ग ६१ वर त्या दिवसांत काय असतं ते तुम्ही रोज बघता: दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे एकही लाल दिवा नाही, जिनिंगकडे निघालेले कापसाचे टेम्पो, आणि या सगळ्यांच्या फटीतून काढलेल्या मोटारसायकली. तिन्हीसांजेला काकांनी उजवीकडे वळायला उजवा इंडिकेटर दिला. आणि गाडीचे चारही दिवे एकदम मिचकायला लागले.

आपल्याकडे चारही लुकलुकले की मागचा काय समजतो, शेठ? पुढचा सरळ जातोय, असं समजतो. चुकीची सवय आहे, पण आपल्या रस्त्यावर तीच चालते. मागच्या पिकअपवाल्यानेही तेच समजून उजवीकडून गाडी काढली. त्याच्या आरशाने काकांच्या हँडलला झटका दिला. काका पडले, मनगट मोडलं, आणि ऐन वेचणीत त्यांचा हात गळ्यात अडकला. पिकअपवाल्याला सगळ्यांनी शिव्या घातल्या. तो एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होता, "त्यांनी साईडच दिली नाही हो." त्याच्या बाजूने ते खरं होतं. काकांनी साईड दिली होती, हेही खरं. मधे खोटं बोलले ते तुमचे बल्ब.

हे का झालं ते ऐका, कारण तुम्ही आम्हाला सांगितलंत की "स्विचमध्ये पाणी गेलं असेल". मीटरमधला तो एकटा हिरवा दिवा उजव्या आणि डाव्या वायरीच्या मध्ये जोडलेला असतो. उजवा इंडिकेटर चालू केला की उजव्या वायरीतून करंट त्या हिरव्या दिव्यातून पलीकडे जातो आणि डाव्या बल्बांच्या तारेतून अर्थला मिळतो. जुन्या बल्बची तार थंड असताना तिचा रोध अगदी कमी. एवढ्याशा करंटने ती लालसुद्धा होत नाही. डावे बल्ब नुसती वाट करून देतात, पेटत नाहीत. ही सगळी जोडणी जुन्या बल्बच्या भरवशावर उभी आहे. त्यांच्या जागी एलईडी आला की तोच चिमूटभर करंट त्याला पेटवायला पुरतो. म्हणून उजवीकडे बटण दाबलं तरी डावेही पेटतात. यावर उपाय आहे आणि तो एखाद्या वायरमनला सांगितला तर चहा थंड व्हायच्या आत करून देईल. हिरव्या दिव्याचं एक टोक अर्थला द्यायचं, आणि दुसऱ्या टोकाला डावी-उजवी वायर एकेका डायोडमधून आणायची. १एन४००७ नावाचा डायोड कुठल्याही रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळतो, चिल्लर पैशांत. दोन डायोड. तेवढ्यासाठी माणसाचं मनगट मोडलं.

काकांची गाडी घेऊन मी तुमच्याकडे परत आलो तेव्हा तुम्ही काय केलंत? तुम्ही दोन सोनेरी तुकडे काढलेत. अॅल्युमिनियमचं खाचाखाचांचं अंग, वर छापलेलं ५० वॉट, ६ ओहम. "लोड रझिस्टर टाकतो, एकदम ओरिजिनलसारखं मिचकेल." ते तुम्ही साईड कव्हरच्या आत, प्लास्टिकला टेकवून, काळ्या टेपने बांधलेत. टेपने! सहा ओहमला बारा व्होल्ट दिले तर दोन अँपिअर, चोवीस वॉट. इंजिन चालू असताना चार्जिंग चौदा व्होल्टच्या आसपास असतं. तेव्हा जवळपास तेहतीस वॉट. हे सगळे वॉट उजेडात जात नाहीत, निव्वळ उष्णतेत जातात. इंडिकेटर निम्मा वेळ पेटतो, निम्मा विझतो, म्हणून सरासरी निम्मी धरा. तरी रेल्वे फाटकाला उभं राहून कुणी इंडिकेटर चालू ठेवला तर त्या तुकड्याला बोट लावून बघा. फोड येईल.

काही आठवड्यांनी मी ते कव्हर उघडलं. टेपचा डिंक वितळून खाली ओघळला होता आणि त्याला धूळ चिकटून काळा चिखल झाला होता. प्लास्टिकला आतून पिवळट फुगवटा आलेला, मधोमध रझिस्टरच्या खाचांचा ठसा जसाच्या तसा उमटलेला. शेजारून जाणाऱ्या हिरव्या वायरीचं आवरण मऊ होऊन एका जागी तांबं उघडं पडलेलं. त्या वायरीपासून चार बोटांवर पेट्रोलची नळी. शेठ, हे मी स्वतः बघितलंय, ऐकीव नाही.

आणि हिशेबाची गंमत वाटत नाही, चीड येते. जुने दोन बल्ब वीस वॉट खात होते. तुमचा एक रझिस्टर चोवीस ते तेहतीस खातो, वर एलईडी वेगळे. "एलईडी टाका, बॅटरी वाचेल" हे तुमचं वाक्य तुमच्याच हाताने खोटं ठरलं. शिवाय रझिस्टर बल्बला समांतर असल्यामुळे एलईडी मेला तरी डबीला पूर्ण करंट दिसत राहतो, आणि मीटरमधला दिवा शांतपणे, अगदी कंपनीसारखा मिचकत राहतो. बल्ब गेल्याचं सांगणारी खूण आधी तुम्ही गोंगाटात बुडवली होती, आता तिचा गळाच दाबला.

बॅटरी वाचते म्हणता ना, तर तेही एकदा मोजू. साध्या गाडीची बॅटरी १२ व्होल्ट, तीन अँपिअर-अवरच्या आसपास, म्हणजे ३६ वॉट-अवर. दिवसभरात सगळी वळणं मिळून दहा मिनिटं इंडिकेटर चालला असं धरा. वीस वॉटचे बल्ब निम्मा वेळ पेटतात, तर खर्च होतो दीड-पावणेदोन वॉट-अवर. तोही इंजिन चालू असताना, चार्जिंगमधून. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत आपोआप पेटलेला राहतो. त्याच्यापुढे इंडिकेटरचा खर्च तो काय? बॅटरी उतरते ती गंजलेल्या अर्थिंगने, चार्जिंगच्या बिघडलेल्या रेग्युलेटरने, आणि चारही इंडिकेटर एकदम लावायला तुम्ही बसवून दिलेल्या त्या "पार्किंग" स्विचने. तो तुम्ही फ्यूज टाळून थेट बॅटरीवर जोडता. कारण फ्यूजमधून घेतला तर फ्यूज उडतो आणि गिऱ्हाईक परत येतं. काही गाड्यांत तर फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून घातलेली असते. फ्यूज उडत होता तो काहीतरी सांगत होता. तुमच्या दुकानात सांगणाऱ्या प्रत्येक वस्तूचं तोंड बंद केलं जातं.

उलट्या दिशेची हौसही तुम्ही पुरवता. "एलईडी नको असेल तर जास्त पॉवरचा टाकू," म्हणून दहा वॉटच्या होल्डरमध्ये एकवीस वॉटचा बल्ब. मग डबीतून दीड-पावणेदोनऐवजी साडेतीन अँपिअर. डबी जळते, काच आतून करपते, होल्डर सैल होतो. याबद्दल जास्त लिहीत नाही. ज्याची काच वितळली तो तुमच्याकडे स्वतःच येतो.

रंगाबद्दल मात्र लिहावंच लागेल. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०२ इंडिकेटरचा रंग सांगतो: अंबर, म्हणजे आपला नारिंगी-पिवळा. वेगही सांगतो: मिनिटाला ६० पेक्षा कमी नाही, १२० पेक्षा जास्त नाही. तुमच्या मिचमिचीने ती मर्यादा केव्हाच ओलांडली. आणि रंग? तुम्ही पांढरा एलईडी विकता, कारण दुकानात काऊंटरवर तो डोळे दिपवतो. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळ्याचा भाग मोठा असतो, आणि पिवळ्या काचेला निळा लागत नाही, ती तो अडवून टाकते. बाहेर येतो तो फिक्कट, आजारी पिवळा. काच पांढरी असेल तर बाहेर सरळ पांढरा. काही पोरांना तुम्ही लाल-निळा दिलाय. पुढून लाल, मागून निळा, आणि वळायचं कुठे ते देवाला माहीत. शिवाय इंडिकेटरच्या आतली चकाकती वाटी तारेच्या एका ठरावीक जागेसाठी घडवलेली असते. तार तिथे पेटली की उजेड मागे, बाजूला, हवा तिकडे पसरतो. तुमच्या बल्बवर एलईडीच्या चकत्या लावलेल्या असतात एकीकडे तोंड करून. दुकानात समोरून बघितलं तर झगमगाट. मे महिन्यात भर दुपारी रस्त्यावर तिरकं उभं राहून बघा, पेटलाय की विझलाय ते सांगता येणार नाही.

कुणी म्हणेल, मी एलईडीचाच शत्रू आहे. मुळीच नाही. १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी बनवला, १९७२ मध्ये जॉर्ज क्रॅफर्ड यांनी पिवळा बनवला. निळ्यासाठी जगाला आणखी बरीच वर्षं वाट बघावी लागली, आणि तो बनवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. माणसांनी यात आयुष्यं घातली आहेत. एलईडी चांगलाच आहे. तारेचा बल्ब पूर्ण तेजाने पेटायला सुमारे ०.२ सेकंद घेतो. एलईडीला तेवढाही वेळ लागत नाही. ताशी ६० च्या वेगात ०.२ सेकंदात मागची गाडी तीन मीटरहून जास्त पुढे येते. ते तीन मीटर जीव वाचवू शकतात. खड्ड्यांच्या हादऱ्याने त्याची तार तुटत नाही, कारण तारच नाही. कंपन्या आता नव्या गाड्यांना एलईडी इंडिकेटर देतात तेव्हा फ्लॅशर, वायरिंग, काच आणि वाटी सगळं त्याच्या मापाने करतात, आणि मग ते तपासून घेतात. तुम्ही त्यातला फक्त बल्ब उचललात.

आणि दंड कुणाला? तुम्हाला नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला आलेलं कलम १८२अ, पोटकलम ४ म्हणतं, नियमात न बसणारा बदल गाडीच्या मालकाने केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मालकाने! एमएच-२२ ची गाडी अडवली जाईल ती काकांची, कागद मागितले जातील ते काकांचे. तुमच्या पावतीवर तर "स्पेअर" एवढंच लिहिलेलं असतं. पावती दिलीत तर.

म्हणून आता मागणी. पोटावर पाय द्यायला मी हे लिहीत नाही. तुमचं दुकान चालावं. एलईडी विका, पण पिवळी काच असेल तिथे पिवळाच एलईडी विका, आणि चारही बाजूंना चकत्या असलेला. त्यासोबत एलईडीचा फ्लॅशर विका, ज्याला करंट किती जातोय याच्याशी देणंघेणं नसतं, तो ठरल्या वेगानेच मिचकतो. तो तीन पिनांचा मिळतो, शे-दीडशे रुपयांत. ज्याला तेवढे पैसे जड वाटतात त्याला सरळ सांगा की तुझे जुने बल्बच चांगले आहेत. एकच हिरवा दिवा असलेली गाडी आली तर डायोड लावल्याशिवाय चारही बल्ब बदलू नका. आणि गाडी देण्याआधी ती दुकानाच्या सावलीतून उन्हात घ्या, इंडिकेटर लावा, रस्त्याच्या पलीकडे जाऊन मागून आणि तिरकं बघा, घड्याळ लावून मोजा. तुमच्याकडे पोरगा आहे, त्याला बघायला लावा.

काकांच्या मनगटाचं प्लास्टर निघालंय. येत्या आठवड्यात मी त्यांची गाडी तुमच्याकडे आणणार आहे. फ्लॅशर आणि डायोड मी सोबत आणतो. तुम्ही ते दोन्ही सोनेरी रझिस्टर माझ्यासमोर काढायचे, उघडी पडलेली वायर बदलायची, फ्लॅशरच्या बी पिनला बॅटरीची वायर, एल पिनला स्विचची, ई पिनला अर्थ, आणि ती अर्थ गंज खरवडून चेसीवर घट्ट. बी आणि एल उलटं लावू नका. तुम्ही "पार्किंग"साठी ओढलेली वायर फ्यूजमधून जोडायची, नाहीतर काढून टाकायची. फुगलेल्या साईड कव्हरचे पैसे तुम्ही द्यायचे. बल्बचे मी मागत नाही.

आणि त्या दिवशी दुकानात दुसरं गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी मी हे सगळं मोठ्याने बोलणार आहे.

एमएच-२२ च्या एका गाडीच्या मालकाचा पुतण्या,
मानवत